वर्लिन शुमेटच्या स्प्रिंगा

"जरा ही टॉर्च धरा हो," तपासनीस ग्वाल्टनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी ती वर्लिनच्याच हातात दिली.

वर्लिननं धरली. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारचं ऊन तिरकं येत होतं, पण इंजिनच्या पुढच्या अंगाला अंधार होता. बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, गुडघ्यांखाली गोणपाट सरकवलं आणि झाकणावरचा एक बोल्ट बोटानं चाचपला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"उजेड जरा डावीकडे."

वर्लिननं उजेड डावीकडे केला. त्याचा हात अगदी स्थिर होता. बाईंना आपण मदत करतोय, याचं त्याला समाधानच वाटत असावं. सकाळपासून तो मला दोनदा म्हणाला होता, "टॅल, वरच्या वर्गात तपासणी कशी नीट करतात बघ. असंच पाहिजे."

मार्चमधला तो पहिला शनिवार. स्टोनी फोर्कच्या ट्रॅकवर वरच्या वर्गातली आमची पहिली शर्यत दोन तासांवर आली होती. गेली नऊ वर्षं आम्ही खालच्या वर्गात होतो. गाडी हॉइट अ‍ॅब्शरची. तो भंगाराचं यार्ड चालवतो. चालवणारी त्याची मुलगी डेल्सी. आठवडाभर ती दातांच्या दवाखान्यात काम करते. टायरचं काम माझ्याकडे. आणि गाडी बसवायची, म्हणजे स्प्रिंगा नि चाकं ट्रॅकप्रमाणे जुळवायची, ती वर्लिननं. वर्लिन म्हणजे डेल्सीचा सख्खा मामा, हॉइटच्या वारलेल्या बायकोचा भाऊ. आम्ही दोघं एकाच मोज्यांच्या गिरणीत. तो विणकामाची यंत्रं दुरुस्त करतो, मी माल भरतो.

"हे कारखान्याचे नाहीत," बाई म्हणाल्या.

"काय?"

"हे बोल्ट. सीलचे नाहीत हे. कुणीतरी घरी बनवलेत. इथं कानस मारलेली दिसते."

आमच्याकडे इंजिन कारखान्यातून सीलबंद येतं आणि ते कुणी उघडायचं नसतं. सगळ्या खेळाचा पाया तोच. ताकद सगळ्यांची सारखी. मग जो गाडी नीट बसवेल आणि नीट हाकेल तो पुढे. सीलचे बोल्ट एकदा काढले की मोडतात आणि बाजारात तसे मिळत नाहीत.

वर्लिन हसला. अगदी मनापासून हसला. "बाई, हे इंजिन खोक्यातून मी स्वतः काढलंय. वरचं प्लास्टिकसुद्धा मीच फाडलं."

"तुम्ही काढलं असेल. पण नंतर कुणीतरी आत गेलंय."

हा विनोद त्याच्याशी वाटून घ्यावा, म्हणून वर्लिन हसतच हॉइटकडे वळला. हॉइटच्या हातात सॉसेज घातलेला अर्धा पाव होता. तोंडात घास होता आणि तो चावत नव्हता.

"झाकण काढून बघावं लागेल," बाई म्हणाल्या. "तुमची हरकत नसेल तर."

"काढा," वर्लिन म्हणाला.

"नको," हॉइट म्हणाला.

दोघंही एकाच वेळी बोलले. शेडमध्ये आणखी दोन गाड्या तपासणीसाठी थांबल्या होत्या. त्यांची माणसं वळून बघायला लागली. डेल्सी शर्यतीचा पोशाख कमरेपर्यंत चढवून उभी होती, बाह्या खाली लोंबत होत्या. "बाबा?" एवढंच ती म्हणाली.

वर्लिननं टॉर्च माझ्या हातात दिली, पेटीतून पाना घेतला आणि झाकण स्वतः उघडलं. इतक्या हलक्या हातानं, की जणू ते दुसऱ्याचं आहे आणि ओरखडा पडायला नको. आत कारखान्याचा कॅमशाफ्ट नव्हता. तिथं दुसऱ्याच कुणाचा शिक्का असलेला होता. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा, जास्त दम देणारा. इंजिनांतलं मला फारसं कळत नाही, पण तेवढं मलाही कळलं.

बाई उठल्या, गुडघे झटकले. आवाज न चढवता म्हणाल्या, "गाडी आज धावणार नाही. या वर्षभर नाही. कागद करते, अर्ध्या तासात सही करायला या." त्यांनी तीस वर्षं काउंटीच्या शाळाबस दुरुस्त केल्या होत्या. कुणाला खाली पाहायला लावण्यात त्यांना काही गंमत वाटत नव्हती. जाताना त्या वर्लिनला म्हणाल्या, "टॉर्च धरल्याबद्दल आभार." मग आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या भराभर निघून गेल्या.

वर्लिनबद्दल थोडं सांगायला हवं. तो त्रेसष्ट वर्षांचा. लग्न केलं नाही. आधी आई होती, मग बहीण आयनाचं आजारपण. एकतीस वर्षं तो या ना त्या माणसाची गाडी बसवत आला आणि गेल्या वर्षापर्यंत त्याची सगळ्यांत वरची जागा तिसरी. दर शनिवारच्या नोंदी तो वहीत करायचा: हवा कशी होती, ट्रॅक कोरडा की ओला, कुठल्या कोपऱ्यात कुठली स्प्रिंग, टायर कुठे झिजला. अशा सव्वीस वह्या त्याच्या घरी आहेत. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याला वाटलं की इतकी वर्षं आपण मागची उजवी स्प्रिंग उगाच कडक ठेवत आलो. ती त्यानं मऊ केली, पुढची जरा आवळली. डेल्सी पहिलीच शर्यत जिंकली. मग दुसरी. अठरापैकी अकरा, आणि वर्षाचं विजेतेपदही.

त्या वर्षात वर्लिन बदलला. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालू लागला. गिरणीच्या कँटीनमध्ये आमच्या सुपरवायझरनं त्याला खुर्चीवर उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, आणि तो लाजून उतरलाही नाही, उभा राहिला. दुसऱ्या संघांची माणसं विचारायला यायची, "वर्लिन, केलंस तरी काय?" तो लपवायचा नाही. खडू घेऊन जमिनीवर चारी चाकं काढायचा आणि प्रत्येक कोपऱ्याचा आकडा सांगायचा. मी म्हटलं, "अरे, सगळं देऊन बसशील!" तर म्हणाला, "एकतीस वर्षं लागली मला. दुसऱ्या कुणाला तेवढी लागू नयेत."

आता तो ट्रेलरमध्ये आडव्या ठेवलेल्या टायरवर बसला होता. हॉइट दाराशी उभा होता. बाहेर भोंग्यावर कुणी तरी हरवलेल्या किल्ल्यांची घोषणा करत होतं.

"कधी?" वर्लिननं विचारलं.

"मागच्या वर्षी, फेब्रुवारीत."

"पहिल्या रेसच्या आधी?"

"हो."

"म्हणजे सगळ्या अकरा?"

हॉइटनं होकारार्थी मान हलवली.

डेल्सी म्हणाली, "म्हणजे मी एकही जिंकले नाही?"

"असं काय म्हणतेस पोरी? चालवत तर तूच होतीस..."

"बाबा, एक तरी?"

हॉइट वर्लिनकडे वळला. "आयना गेली त्यानंतर ही दोन वर्षं घरात धड बोलत नव्हती. गाडी सोडते म्हणाली. तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, एक रेस. एकच जिंकू दे, मग काढून टाकू. अन् जिंकली. गाडीतून उतरली ती धावत येऊन तुझ्या गळ्यात पडली. आठवतंय ना? मग कसं काढायचं सांग की!"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्याच दिवशी पेटी उचलून चालता झाला असतास."

"झालो असतो."

"मग?"

वर्लिननं हातातलं फडकं घडी करून गुडघ्यावर ठेवलं. मग त्यानं एक प्रश्न विचारला, आणि तो विचारला नसता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

"माझ्या स्प्रिंगांनी काही फरक पडला का रे?"

"पडला असेल थोडा."

"किती?"

"वर्लिन, मला काय कळतंय त्यातलं? मी भंगारवाला."

"मला वहीत लिहू दिलंस. लोकांना शिकवू दिलंस. मी खडूनं चित्रं काढत होतो, हॉइट, आणि तू शेजारी उभा राहून ऐकत होतास."

"तू पण हसत होतास रे," हॉइट म्हणाला. "किती वर्षांनी तू हसत होतास."

मला वाटलं वर्लिन उठून मारेल किंवा रडेल. त्यानं दोन्हीपैकी काही केलं नाही. तो उठला, बाहेर गेला, गाडी ढकलत ट्रेलरमध्ये आणायला मला हाक मारली. मग चारी पट्टे त्यानं स्वतः आवळले, प्रत्येक पट्टा दोनदा ओढून पाहिला. न धावलेली गाडी, जिचं आता काहीच व्हायचं नव्हतं, ती त्यानं अशी बांधली की हजार मैल नेली तरी हलली नसती.

सही करायला मी त्याच्यासोबत गेलो. बाईंनी कागद पुढे केला.

"गेल्या वर्षाचं यात नाही," तो वाचून म्हणाला.

"माझं काम आजच्यापुरतं. गेल्या वर्षी मी इथं नव्हते. त्याचं तुमचं तुम्ही बघा."

त्यानं सही केली. शर्यतीची इंजिनं सुरू झाली तेव्हा आम्ही डोंगर उतरत होतो. काच बंद होती तरी घरघर आत येत होती. तो वळणं मोजल्यासारखा समोर बघत होता.

सोमवारी तो गिरणीत आला. जेवणाच्या सुट्टीआधी मला बोलावणं आलं: बाविसाव्या यंत्रापाशी जा, वर्लिनला काय झालंय बघ. तो यंत्राच्या अंगावर तळहात ठेवून उभा होता. त्याची ती नेहमीची पद्धत; हात ठेवला की कुठली सुई वाकलीय ते त्याला समजायचं. अर्धा तास तो तसाच उभा होता म्हणे.

"हाताला काही कळत नाहीये, टॅल," तो म्हणाला. "आधी तरी कळत होतं का, कुणास ठाऊक."

मी त्याला म्हटलं, घरी जा. तो म्हणाला, "तीन वाजता सुटलो की मला दोन ठिकाणी ने. माझ्यानं आज गाडी चालवायची नाही."

पहिलं ठिकाण ट्रॅकचं ऑफिस. तिथल्या मॅनेजरनं सगळं ऐकून घेतलं, पेन टेबलावर आपटत राहिला आणि म्हणाला, "वर्लिन, झालं ते झालं. डेल्सीचा फोटो या वर्षीच्या कॅलेंडरवर छापून बसलाय. तुला कुणी काही विचारलं का? मग कशाला उकरून काढतोस?"

"तुम्ही लिहून घेणार का?"

"घेतो बाबा, घेतो."

"माझ्यासमोर घ्या."

मॅनेजरनं लिहिलं. वर्लिननं ते वाचलं आणि एका ठिकाणी 'बहुधा' असा शब्द होता, तो खोडायला लावला.

बाहेर आलो तर डेल्सी माझ्या पिकअपला टेकून उभी. दवाखान्याचा निळा डगलाच अंगात. वर्लिननं तिला दुपारी फोन केला असावा. मागच्या हौद्यात गेल्या वर्षीचा करंडक आडवा ठेवलेला, जुन्या रजईत गुंडाळून. "बाबा हॉलमध्ये बसून होते," ती म्हणाली. "मी त्यांच्यासमोरून उचलून आणला. काही बोलले नाहीत." मग म्हणाली, "मामा, मी येऊ का?"

"नको. पुढचं माझं आहे."

"चालवली मी, आणि तुझं कसं?"

वर्लिननं तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहान मुलीच्या डोक्यावर ठेवावा तसा. ती सव्वीस वर्षांची आहे. ती तिथंच उभी राहिली, आम्ही निघालो.

दुसरं ठिकाण म्हणजे ऑर्व्हिल टीगचं घर. गेल्या वर्षी दुसरा आला तो ऑर्व्हिल. चाळीस हंगाम धावला, विजेतेपद एकदाही नाही. गेल्या वर्षी चार गुणांनी हुकलं. वय एकाहत्तर. नोव्हेंबरात त्यानं गाडी विकून टाकली, तेव्हा आम्ही म्हटलं, वय झालं.

तो अंगणात माती उकरायच्या यंत्राचं पातं काढत बसला होता. आम्हाला पाहून त्यानं टोपी मागे सरकवली. "काय रे, वरच्या वर्गातली मोठी माणसं इकडे कुठे?"

म्हणजे त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. वर्लिन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, दोन्ही हात खाली सोडून.

"ऑर्व्हिल, गेल्या वर्षीचं आमचं इंजिन उघडलेलं होतं. पहिल्या रेसपासून. ते विजेतेपद तुझं आहे."

ऑर्व्हिलनं पाना खाली ठेवला. "कुणी उघडलं?"

"गाडी माझ्या नावावर तपासली जायची. माझंच म्हण."

"तुला ठाऊक होतं?"

"नाही."

"नसणारच," ऑर्व्हिल म्हणाला. मग त्यानं बाजूची बादली पालथी केली आणि तिच्यावर बसला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मला वाटलं संताप येतोय. पण ते काही निराळंच होतं.

"मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तुमचं इंजिन. मे महिन्यात. ट्रॅकच्या मागच्या सरळ पट्ट्यात डेल्सी माझ्या बाजूनं गेली तेव्हा. मी म्हटलं, हे इंजिन उघडलेलं आहे. चाळीस वर्षं ऐकतोय, मला कळणार नाही? घरी येऊन मॉझेलला सांगितलंसुद्धा. मग म्हटलं, छे. तिथं वर्लिन शुमेट आहे. वर्लिन असताना असं व्हायचं नाही. म्हणजे माझेच कान गेले."

वर्लिननं डोक्यावरची टोपी काढली.

"कानाच्या डॉक्टरकडे गेलो रे मी! तो म्हणाला, कान ठणठणीत आहेत. मला वाटलं, डॉक्टरच बावळट." ऑर्व्हिल किंचित हसला. "मग तू जूनमध्ये मला खडूनं काढून दाखवलंस, आठवतंय? तुझे आकडे. घरी येऊन जसंच्या तसं बसवलं. माझी गाडी आणखी मागे पडली. म्हटलं, कानही गेले अन् हातही गेले. त्याच स्प्रिंगा, तोच ट्रॅक, ती पोरगी पळते आणि आपल्याला जमत नाही. झालं आपलं. म्हणून विकली."

वर्लिननं त्या यंत्राचा दांडा धरला. मी पुढे झालो, मला वाटलं तो पडतोय. त्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. शनिवारी शेडमध्येसुद्धा तो असा दिसला नव्हता.

"तक्रार का नाही केलीस?" त्यानं विचारलं. "एक कागद दिला असतास तर त्यांनी तपासलं असतं."

"कुणाविरुद्ध?" ऑर्व्हिल खरोखरच न समजून म्हणाला. "तुझ्याविरुद्ध?"

रस्त्यावरून दुधाचा टँकर गेला.

घराचं जाळीचं दार वाजलं. मॉझेल, ऑर्व्हिलची बायको, हात पुसत बाहेर आली. तिनं खिडकीतून सगळं ऐकलं असावं, कारण ती सरळ पिकअपच्या हौद्याकडे गेली आणि तिनं रजईचं टोक उचललं.

"राहू दे ते," ऑर्व्हिल ओरडला. "मला काय करायचंय त्याचं? न जिंकलेला कप घरात ठेवू?"

"तुम्ही नका ठेवू, मी ठेवते," ती म्हणाली. "चाळीस वर्षं दर शनिवारी मी सँडविचं बांधली. तुम्हाला लाज वाटत असेल, मला नाही वाटत." कमरेएवढा उंच करंडक तिनं काखेत मारला आणि दारापर्यंत नेला. तिथं थांबून ती वर्लिनकडे वळली. मला वाटलं, आता ही बोलणार. बोलायचा तिला हक्क होता.

"बीन्स शिजलेत," ती म्हणाली. "मक्याचा पाव आत्ताच काढलाय. दोघंही आत या."

"मी नको," वर्लिन म्हणाला. "मी जातो."

ऑर्व्हिल बादलीवरून उठला. उठायला त्याला वेळ लागला. "एकतीस वर्षं आपण त्या ट्रॅकवर शेजारी शेजारी गाड्या लावल्या," तो म्हणाला. "माझ्या घरात तू कधी आला नाहीस. चल."

"ऑर्व्हिल, मी..."

"चल म्हटलं ना! निवेल ते."

ऑर्व्हिल आत गेला. मीही गेलो. आत टेबलावर मॉझेल चार ताटल्या मांडत होती. मी खुर्ची ओढून बसलो तरी वर्लिनचा पत्ता नव्हता, म्हणून वळून पाहिलं. तो जाळीच्या दाराबाहेर पायपुसण्यावर उभा होता. टोपी हातात. आधी एक बूट, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, असा तो बूट पुसत होता. आठवडाभर पाऊस नव्हता, अंगण कोरडं खडखडीत होतं. त्याच्या बुटांना काहीच लागलेलं नव्हतं.

मॉझेलनं त्याला हाक मारली नाही. तिनं फक्त त्याच्या ताटलीवर दुसरी ताटली उपडी झाकली आणि आमच्या ग्लासांत गार चहा ओतू लागली.